चौदा वर्षांच्या नायिकेला बंडात कसं आणायचं? ऐरोलीच्या लेखिकेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, सोबत टाकलेली दोन पानं, टिपण आणि बाकीचं हस्तलिखितही वाचलं. उत्तर लांबणार आहे, तेव्हा सवडीनं वाचा.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. या ताई ऐरोलीला राहतात आणि बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी पहिलीच कादंबरी लिहितायत. काळ १९४४ ते १९४६. नायिका मंजुळा, वय चौदा, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. मामा मुंबईच्या गोदीत कामाला, थोरला भाऊ काशिनाथ नौदलात. गोदीतला १९४४ चा स्फोट आणि नौदलातल्या नाविकांनी इंग्रजांविरुद्ध १९४६ मध्ये केलेलं बंड, दोन्ही त्यांना घ्यायचंय. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, "छान आहे, पण इतिहासाचा धडा वाटतो." म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. इतिहास किती आणि कल्पना किती? गोळीबार, मृत्यू मुलांना कितपत दाखवायचा? आणि मंजुळाला बंडात कसं घुसवायचं?

मी किशोरांसाठी लिहिते, पण माझा जास्त वेळ जातो तो दुसऱ्यांची हस्तलिखितं सुधारण्यात. "धडा वाटतो" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यावरचा नेहमीचा उपायही पाठ झालाय: लेखक घाबरतो आणि इतिहास कापायला लागतो. तारखा जातात, नावं जातात, उरतं ते कुठल्याही काळातलं कुठलंही गाव. धडा वाटायचा तो वाटतोच, फक्त आता माहिती नसलेला धडा. तेव्हा प्रमाणाचा हिशोब जरा बाजूला ठेवा, कारण तुमच्या दोन पानांत मला इतिहास जास्त झालेला दिसला नाही. मंजुळा कमी झालेली दिसली.

बघा ना. पहिल्या पानावर धूर दिसतो, ती आजोबांना विचारते "काय झालं हो?" आणि आजोबा उरलेलं पानभर बोलतात. म्हणजे तिथं ती नुसती कान आहे. दुसऱ्या पानावर ती परकराच्या ओच्यात गुप्त चिठ्ठी लपवून कुलाब्याला नौदलाच्या 'तलवार' तळावर पोचवते. म्हणजे तिथं ती एकदम क्रांतिकारक. या दोन्हींच्या मधे जी मुलगी असते, जिला पाणी भरायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं, आणि जिला कुणी काही विचारत नाही, ती कुठेच नाही. आणि दोन्ही पानांत तिनं स्वतः ठरवून काही केलेलं नाही. आजोबा सांगतात म्हणून ऐकते, भाऊ देतो म्हणून चिठ्ठी नेते.

युद्धात, अन्यायात सापडलेल्या मुलांच्या हातात सत्ता नसते, पण काम भरपूर असतं आणि काही निर्णयही असतात. छोटे असतात, पण खरे असतात. कुणाला सांगायचं, कुणापासून लपवायचं, कुणाला घरात घ्यायचं, कुणासाठी खोटं बोलायचं. तुम्हाला शोधायचाय तो तिच्या मापाचा निर्णय. आणि त्याची किंमत तिनंच मोजायला हवी, आजोबांनी किंवा भावानं नाही. माझं मुख्य म्हणणं एवढंच. पुढचं सगळं ते तुमच्या पानांवर कसं लावायचं याबद्दल.

आधी आजोबा. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि शिवाय सोन्याच्या विटा. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांनी पहिला स्फोट, जवळपास अर्ध्या तासानं दुसरा. हे सगळं तुम्ही बरोबर लिहिलंय. गडबड अशी की हे तुमचे आजोबा त्याच संध्याकाळी ठाण्यात बसून सांगतात. त्यांना कसं कळलं? जहाजाचं नाव, माल, टनाचा आकडा? युद्धाचा काळ, बातम्यांवर सेन्सॉर. इथल्या वार्ताहरांना ही बातमी नीट देण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं मात्र दुसऱ्याच दिवशी तपशील सांगून टाकले होते. म्हणजे आजोबांना हे सगळं माहीत असेल तर ते चोरून शत्रूचा रेडिओ ऐकत असले पाहिजेत, तेही दुसऱ्या दिवशी. तशी वेगळी कादंबरी होईल, आणि चांगली होईल, पण ती तुमची नाही.

आता ही अडचण म्हणून बघू नका. ऐंशी किलोमीटरवर आवाज गेल्याचं सांगतात. ठाणं तर त्याच्या निम्म्यावर. तेव्हा मंजुळाच्या घरात मांडणीवरची परात थरथरून वाजते. आईला वाटतं, पारसिकच्या डोंगरात सुरुंग लावला असेल. ती मासळी निवडायचं थांबवत नाही. अर्ध्या तासानं परात पुन्हा वाजते आणि या वेळी आईचा हात थांबतो, कारण सुरुंगाची वेळ तिला माहीत आहे, तो असा दोनदा लावत नाहीत. कुणीतरी ओरडत येतं की जपान्यांनी बाँब टाकला. कुणी म्हणतं, पाणबुडी शिरली. दक्षिणेकडे आभाळ लाल होतं आणि रात्र झाली तरी तसंच राहतं. आणि मामा गोदीत.

कळत नाहीये, हीच त्या रात्रीची गोष्ट आहे. आजोबांनी पानभरात ती सांगून संपवून टाकली.

आणि बघा, इथं मंजुळाच्या मापाचा निर्णय आपोआप समोर येतो. तुमच्या टिपणात आहे की मामी गरोदर आहे आणि बाळंतपणाला यांच्याकडेच आलीय. आई मंजुळाला बजावते, मामीला यातलं काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनवर मामाच्या टोळीतला एक जण मंजुळाला भेटतो आणि अर्धवट काहीतरी सांगतो. आता ते तिला एकटीलाच माहीत आहे. आईला सांगायचं? मामीला? की मे महिन्यापर्यंत तोंड मिटून वाट बघायची, कुठूनतरी पक्कं कळेपर्यंत? ही मुलगी वाचकाच्या हातातून सुटणार नाही. सेन्सॉर म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगावंही लागणार नाही, कारण ती त्याच्या आतच राहतेय.

माझ्याकडे एक साधी पद्धत आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आधी कागदावर लिहायचं: त्या दिवशी या पात्राला काय माहीत आहे, कुणाकडून कळलं, आणि काय चुकीचं माहीत आहे. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. लोकांनी निर्णय घेतले ते चुकीच्या माहितीवरच.

आता इतिहास किती, कल्पना किती. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मुख्यतः यावर की तुम्ही कुणाबद्दल लिहिताय. तारखा, जागा, घडलेल्या गोष्टी हलवायच्या नाहीत, कथेच्या सोयीसाठीही नाही. ज्यांची नावं नोंदली गेली आहेत त्यांच्या तोंडी बनवलेली भाषणं घालायची नाहीत. आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्याबाबत तुम्ही मोकळ्या आहात, फक्त त्या दिवशी त्या जागी जे शक्य होतं त्याच्या आत.

उरण तालुक्यातल्या चिरनेरचं उदाहरण देते, तुमच्या ऐरोलीहून फार लांब नाही. १९३० च्या पावसाळ्यात मिठाच्या सत्याग्रहासाठी मीठ करणं शक्य नव्हतं, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह सुरू झाले. २५ सप्टेंबरला चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि आठ माणसं हुतात्मा झाली. त्यात नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुणही होता. गावात स्मारक आहे, दर २५ सप्टेंबरला माणसं जमतात, हुतात्म्यांच्या घरातली माणसंही येतात. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण नाग्याला एक बहीण देतात किंवा एक प्रेमपात्र. मी त्यांना म्हणते, नाग्याला हात लावू नका. त्याच माळावर त्या दिवशी शेकडो माणसं होती. त्यातलं एक घर उचला, ज्याचं नाव स्मारकावर नाही. त्या घरातली पोरगी नाग्याला ओळखत असेल, त्याच्याबरोबर लाकडाची मोळी उचलली असेल. वाचकाला नाग्या तिच्या नजरेतून दिसेल आणि त्याच्या घरच्यांना असं वाटणार नाही की आमच्या माणसाचं कुणीतरी भलतंच करून टाकलं.

ठाण्याच्या तुरुंगाचंही तसंच. क्रांतिकारक अनंत कान्हेरेला १९ एप्रिल १९१० ला तिथं फाशी दिलं, त्याच्याबरोबर त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. त्या रात्री कोठडीत त्याच्या मनात काय चाललं होतं हे लिहायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि जे लिहिलं जातं ते सगळं एकसारखंच असतं. मला वाचायला आवडेल ती तुरुंगाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या त्याच्याच वयाच्या पोराची गोष्ट. त्याला त्या सकाळी रोजच्यासारखं दूध पोचवायला जायचंय आणि आज गेट उघडत नाहीये.

आता काशिनाथ. तुम्ही त्याला कुलाब्याच्या 'तलवार' वर ठेवलाय, कारण बंड १८ फेब्रुवारी १९४६ ला तिथून सुरू झालं आणि सगळी पुस्तकं तिथूनच सुरू होतात. मग अडचण येते की चौदा वर्षांची, एव्हाना सोळाची झालेली पोरगी ठाण्याहून कुलाब्याच्या तळात शिरणार कशी, म्हणून ती गुप्त चिठ्ठी. ताई, कोलशेतला नौदलाचा तळ होता. 'अकबर'. ठाण्यातच, खाडीकाठी. तिथले नाविकही संपात उतरले होते. काशिनाथला कोलशेतला आणा. मंजुळाला रोजच्या जगण्यातून तिथवर जाता येतं. खाडी तिची, होडी तिच्या माणसांची. आज कोलशेत म्हटलं की आपल्याला टॉवर आठवतात, त्यामुळे ठाण्यातल्या मुलांना हे वाचताना आपल्याच रस्त्याखालून काहीतरी वर आल्यासारखं होईल.

बंडाची कारणं तुमच्या टिपणात आहेतच: खायला घालायचे ते निकृष्ट, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, गोऱ्या आणि भारतीय नाविकांच्या पगार-सवलतींतला फरक. ही तुम्ही काशिनाथच्या भाषणात घातलीत. भाषण काढा. तो सुट्टीवर घरी येतो तेव्हा जेवताना सवयीनं भातातले खडे शोधतो, आईच्या हातचा भात असूनही. आई ते बघते आणि दुखावते. बस. वाचकाला तळावरचं जेवण कळलं.

बंडाचा आवाका मोठा होता. ७८ जहाजं, २० किनाऱ्यावरचे तळ, सुमारे २०,००० नाविक. यातला एकही आकडा मंजुळाला त्या आठवड्यात माहीत असण्याचं कारण नाही. तिला काय कळेल? मुंबईकरांनी गेटवेवर नाविकांसाठी जेवण आणून दिलं, हे बहुधा कळेल, अशा गोष्टी पसरतात. मग कोळीवाड्यात प्रश्न उभा राहतो: आपण कोलशेतला काही न्यायचं का? हे घडलं असं मी म्हणत नाही, हे तुमचं रचलेलं असेल. पण शक्यतेच्या आत आहे. आणि इथं भांडण आहे. वडील म्हणतात नको, पोलीस नावं लिहून घेतील. आई गप्प. मंजुळा सुकट-भाकरीचं गाठोडं बांधते. गुप्त चिठ्ठीपेक्षा हे गाठोडं मला जास्त पटतं, कारण त्या साली ते घरातून गेलं की घर उपाशी राहतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ पासून मुंबईत धान्य रेशनवर. खाणाऱ्या तोंडांच्या घरातून भाकरी बाहेर नेणं हा निर्णय आहे.

पण तुमच्या कादंबरीचं खरं हाडूक मला आणखी पुढे दिसतं. तुम्ही शेवट २३ फेब्रुवारीला करताय, वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून नाविकांनी शरणागती पत्करली तिथं, आणि मग उपसंहारात थेट १५ ऑगस्ट १९४७ चा झेंडा. मधलं दीड वर्ष कुठं गेलं? कुणावरही सूड उगवला जाणार नाही असा शब्द नाविकांना मिळाला होता. तो पाळला गेला नाही. ४७६ जणांना नौदलातून काढून टाकलं, आणि स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलानं त्यांना परत घेतलं ना पाकिस्तानच्या.

काशिनाथ त्या ४७६ मधला एक आहे असं धरा. त्याची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, त्यावर मंजुळाची शाळा चालली होती. तुमच्याच दुसऱ्या प्रकरणात आहे, पोस्टमन आल्यावर आई अंगठा उठवते आणि मंजुळा पावती वाचून दाखवते. फार सुंदर जागा आहे ती, तुम्ही एकदाच वापरून सोडून दिलीत. एप्रिल ४६ मध्ये पोस्टमन येतो आणि दारावरून पुढे जातो. शाळेतून नाव कमी होणार ते मंजुळाचं. भाऊ घरात बसलेला, अंगावर साधे कपडे, कुणाशी बोलत नाही. बंड बरोबर होतं का, हा प्रश्न आता व्याख्यानातला राहत नाही, तो तिच्या दप्तराचा होतो. आणि जी भाकरी तिनं स्वतः नेऊन दिली होती, तिचा तिला अभिमान वाटतो की राग येतो, हे तिलाही सांगता येत नाही. माझ्या मते तुमची कादंबरी फेब्रुवारीत संपत नाही, फेब्रुवारीत अर्धी होते.

इथवरचं थोडक्यात: तिला फक्त तेवढंच कळू द्या जेवढं त्या दिवशी तिथून कळलं असतं, काशिनाथला कोलशेतला आणा, आणि बंडाचा हिशोब घरात होऊ द्या.

आता अन्यायाबद्दल एक. तुमच्या पानांत वाईट माणूस आला की तो गोरा असतो. सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे. चिरनेरला बंदुका चालवणारे पोलीस देशी होते, आणि त्या दिवशी पनवेलचे मामलेदार जोशीही मारले गेले. त्यांनाही घर होतं. तुमच्या कादंबरीच्या काळात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगावकडे, वारली माणसं जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठली होती. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून तरुण नवरा-बायको वर्षानुवर्षं सावकाराकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. मागणी काय होती, तर पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला. ते गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. त्यात जमीनदार आपलेच, सावकार आपलेच. हे सगळं तुम्ही घ्या असं म्हणत नाही, एका कादंबरीत मावणार नाही. पण मंजुळाच्या वर्गात अशा एखाद्या गवताच्या ठेकेदाराची मुलगी असू शकते, चांगली मैत्रीण असू शकते, शाळेची फी भरायला मदत करू बघणारी असू शकते. मग बघा काय होतं.

तसंच जातीचं. कोळीवाड्यातली मुलगी, १९४४, आणि पूर्ण हस्तलिखितात कुठंही कुणी कुणाच्या हातचं पाणी नाकारत नाही? मंजुळाला तुम्ही आजच्या खारघरच्या शाळेतल्या मुलीसारखी समंजस केलीय. तिला तिच्या काळातली राहू द्या. एखादी गोष्ट ती सहज, न कळत, चुकीची करते आणि तिला पत्ताही नसतो, वाचकाला मात्र टोचतं. समजावून सांगू नका. तेरा वर्षांच्या वाचकाला ते कळतं, आणि आपल्याला कळलं याचा आनंदही होतो. जाता जाता: १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांचा जन्मदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मंजुळाची एखादी महार मैत्रीण असेल तर त्या शुक्रवारचा अर्थ तिच्या घरात वेगळा असणार, स्फोटाच्या आधीही.

मृत्यू आणि गोळीबार कितपत? वाचकाच्या वयावर आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी आणि पंधराच्या मुलीसाठी मी वेगवेगळं लिहीन, आणि तुमचा बारा ते सोळा हा पट्टा अवघड आहे हे मान्य. मी तरी दोन गोष्टी बघते. पात्र जिथं उभं आहे तिथून जे दिसेल तेच दाखवायचं. आणि मेलेलं माणूस दुसऱ्या पानावर विसरायचं नाही. २२ फेब्रुवारीच्या आसपास मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून जास्त नागरिक मेले. तुम्ही मंजुळाला परळला नेऊन रक्ताचं वर्णन केलंय. तिला परळला जायचं काहीच कारण नाही, आणि ते रक्त कुणाचं हे वाचकाला माहीत नाही, म्हणून ते लाल रंग होऊन राहतं. त्यापेक्षा ज्या शिंपीदादानं पाचव्या प्रकरणात तिच्या परकराला जास्तीची टीप घालून दिली, तो त्या शुक्रवारी परळला बहिणीकडे गेलेला असू दे आणि परत न येऊ दे. मशीनवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं कापड तसंच. गिऱ्हाईक ते मागायला येतं तेव्हा काय बोलायचं, हे मंजुळानं सांभाळायचं. एकही थेंब न दाखवता मुलं हबकतात, आणि घाबरूनही जात नाहीत.

आणखी एक, कृपा करून धाकट्या भावाला मारू नका. शेवटाकडे वाचक रडावा म्हणून लहान पोर मारायचं, ही खोड आमच्या धंद्यात फार आहे.

शिव्यांबद्दल तुम्ही विचारलंय. अधिकारी नाविकांना काय बोलायचा हे जसंच्या तसं लिहायचं का? या वयासाठी मी शिवी लिहीत नाही, पण ती ऐकल्यावर माणूस काय करतो ते पूर्ण लिहिते. काशिनाथ ती शिवी घरात कधीच उच्चारत नाही, पण एके दिवशी चिडून धाकट्यावर तीच सुटते, इंग्रजीत, आणि घरात कुणालाच अर्थ कळत नाही. त्यालाच कळतो.

भाषेवर थोडंच. निवेदन साध्या मराठीत, बोलणं कोळी बोलीत, हा तुमचा निर्णय योग्य आहे. पण बोली नाटकातून आलेली वाटते. चेंदणीतल्या एखाद्या आजींना मोठ्यांदा वाचून दाखवा. जिथं त्या हसतील तिथं खूण करा, त्यांना हसू आलं तर तिथं काहीतरी खोटं आहे. आणि मंजुळा चौथ्या पानावर "पन्नास पैशांचं" मीठ आणते. रुपयाचे शंभर पैसे १९५७ पासून. तेव्हा सोळा आणे, चौसष्ट पैसे, आणि किलो नाही, शेर-पायली. वाण्याकडून अर्ध्या रुपयाचं मीठ आणलं तर वर्षभर पुरेल! त्याऐवजी तुम्हाला एक देणगीच मिळते. १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला होता, तांब्यासारखा, मधे गोल भोक. दोऱ्यात ओवता येतो. मंजुळाकडे असे किती साठले हे वाचकाला दोऱ्यावरून दिसत राहील. मनीऑर्डर थांबल्यावर तो दोरा कुठं जातो ते तुम्ही ठरवा.

माहिती कुठून काढायची? काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथं वेळ लागतो, पण द्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, जुनी पुस्तकं चाळायला तिथं बसा. जुन्या ठाण्याचा भूगोल, खाडी, मिठागरं, भातं यांसाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर अजूनही कामाचं आहे, साहेबाचा चष्मा लावून लिहिलंय एवढं लक्षात ठेवून. आणि माणसं. मंजुळाच्या वयाची माणसं आज नव्वदी पार केलेली आहेत, तेव्हा वाचनालय पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, ही भेट या महिन्यात घ्या. त्यांना "तुम्हाला बंड आठवतं का?" असं विचारू नका. ते शाळेत नातवंडांना शिकवलेलं किंवा टीव्हीवर पाहिलेलं सांगतील. विचारा, त्या वर्षी घरात तांदूळ कुठून यायचा? खिडक्यांना काळे कागद कोण लावायचं? रात्री दिवा दिसला म्हणून कुणाला दम भरला होता का? त्यातून बंड आपोआप येईल, आणि नाही आलं तर तेही कळेल की त्या घरात ते पोचलंच नव्हतं.

शेवटी पुस्तकाच्या मागे दोन पानांचं टिपण जरूर द्या. मुलं ते वाचतात, पालकांपेक्षा जास्त वाचतात. त्यात सरळ लिहा: कोलशेतला 'अकबर' तळ होता आणि तिथले नाविक संपात होते, हे खरं. ४७६ जणांना काढलं, हे खरं. काशिनाथ, मंजुळा, मामा, मामी, शिंपीदादा रचलेले. भाकरीचं गाठोडं रचलेलं. गेटवेवरचं जेवण खरं. तुमचं पहिलं प्रकरण नव्यानं लिहून झालं की आजोबांशिवायचं टाका इथं, वाचते.